बेड्या नसलेलं न्यायालय कशासाठी?

प्रश्न : अफगाण स्त्रियांसाठी २०२५मध्ये माद्रिदला लोकन्यायाधिकरण भरलं. त्याच्या हाती ना पोलीस, ना तुरुंग. मग उपयोग काय?

उत्तर : अटकेचं वॉरंट काढण्याचा अधिकार त्याला नाही, हे खरं. तो हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाला आहे. त्याने ८ जुलै २०२५ रोजी लिंगाधारित छळाच्या आरोपाखाली तालिबानप्रमुख हैबतुल्ला अखुंदजादांवर वॉरंट काढलं. पण अफगाण मुलींना सहावीनंतरची शाळा बंदच आहे. त्यांचं गाऱ्हाणं तोवर कुणी ऐकायचं?

डिसेंबर २०००मध्ये टोकियोत भरलेलं असंच लोकन्यायाधिकरण आठवा. जपानी सैन्याने लैंगिक गुलाम केलेल्या, तोवर म्हाताऱ्या झालेल्या स्त्रिया तिथे साक्षीला उभ्या राहिल्या. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अधिकृत खटल्यात सम्राट हिरोहितोंवर आरोपच ठेवला नव्हता. महिला संघटनांनी भरवलेल्या या न्यायाधिकरणाने त्यांना दोषी धरलं. अध्यक्षस्थानी होत्या युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या माजी अध्यक्ष गॅब्रिएल कर्क मॅकडोनाल्ड. निकाल सरकारवर बंधनकारक नव्हता. पण अर्धशतक गप्प बसवलेल्या बाईला ‘तुझं खरं आहे’ हे ऐकायला मिळालं. मला हे थोडं वाटत नाही.

अशा ठिकाणी नीट घेतलेले जबाब उद्याच्या खटल्यातही कामी येऊ शकतात. मात्र साक्षीदारांची नावं जिवापाड जपायला हवीत; कित्येकींची माणसं अजून अफगाणिस्तानातच आहेत.