रिकाम्या कंसातले घड्याळ

फ(क्ष) = क्ष² + १ असे लिहिले की त्याचा अर्थ तुम्ही लगेच सांगाल. क्षच्या जागी ३ घातले की उत्तर १०. आज घाला, उद्या घाला, पुण्यात घाला की पणजीत घाला, उत्तर १०च येणार. संगणकाची आज्ञावलीही अशाच लहान लहान तुकड्यांची बनलेली असते आणि त्या तुकड्यांनाही ‘फंक्शन’ असेच म्हणतात. सायकल जोडण्यापूर्वी ब्रेक, चेन, बेअरिंग वेगवेगळे तपासावे, तसा यातला प्रत्येक तुकडा एकेकटा तपासतात. त्याला एक मूल्य द्यायचे आणि आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहायचे. या पद्धतीला ‘युनिट टेस्ट’, म्हणजे सुट्या भागाची चाचणी, म्हणतात.

आता हे फंक्शन पाहा : आज_रविवार_आहे_का( ). येथे कंस रिकामा आहे. आत काहीच घालायचे नाही. तरीही हे फंक्शन शनिवारी ‘नाही’ म्हणते आणि रविवारी ‘होय’ म्हणते! काहीच आत गेले नाही, तर उत्तर बदलले कसे? उघड आहे, आत काहीतरी जातेच आहे. फक्त ते कंसातून न जाता मागच्या दाराने जाते. हे फंक्शन गुपचूप संगणकाचे घड्याळ पाहते. अशा मागच्या दाराला ‘छुपे अवलंबित्व’ म्हणू या. घड्याळ हे त्याचे नेहमीचे उदाहरण. सापशिडीच्या खेळात फासा टाकणारे फंक्शन, तापमापकाचा आकडा वाचणारे फंक्शन, दुसऱ्याच कोणीतरी बदललेली फाइल उघडणारे फंक्शन, ही सारी त्याच जातीची.

यात बिघडले कोठे? प्रयोगशाळेतला साधा लंबक आठवा. दोऱ्याची लांबी तुम्ही ठरवता : ५० सेंटिमीटर, ६०, ७०, आणि प्रत्येक वेळी आंदोलनकाल मोजता. समजा, दोरा आपल्या मर्जीने लांब-आखूड होऊ लागला आणि तुम्हाला नुसते बघत बसावे लागले, तर त्याला प्रयोग कोण म्हणेल? घड्याळ आत दडवलेल्या फंक्शनची गत तीच होते. मंगळवारी चाचणी घेतली, तर फक्त मंगळवार तपासला जातो. २९ फेब्रुवारी तपासायची, तर तीन-चार वर्षे वाट पाहा! संगणकाचे घड्याळ पुढे करून चाचणी घेणारेही आहेत. पण त्याच घड्याळावर यंत्रातल्या इतर आज्ञावल्याही विसंबून असतात. मला तो मार्ग पसंत नाही.

दुर्मीळ दिवस न तपासल्याने काय होते, ते एका खऱ्या घटनेवरून पाहू. मायक्रोसॉफ्ट कंपनीचे ‘झून’ नावाचे गाणी ऐकण्याचे, खिशात मावणारे यंत्र होते. त्याचा ३० गिगाबाइटचा नमुना नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला. दोन वर्षे तो ठीक चालला. ३१ डिसेंबर २००८ रोजी मात्र या नमुन्याची यंत्रे सुरू होतानाच गोठून बसली. एक-दोन नव्हेत, ठिकठिकाणची, एकाच दिवशी!

यंत्रातले घड्याळ १ जानेवारी १९८० हा पहिला दिवस धरून दिवस मोजत असे. त्या संख्येवरून चालू वर्ष काढणारा एक तुकडा होता. वर्ष १९८० पासून सुरुवात करून त्यातल्या आज्ञा, मराठीत मांडल्या तर, अशा होत्या :

दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत तोवर हे पुन्हा पुन्हा कर –
वर्ष लीप असेल आणि दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील, तर दिवसांतून ३६६ वजा कर, वर्ष १ ने वाढव.
वर्ष लीप नसेल, तर दिवसांतून ३६५ वजा कर, वर्ष १ ने वाढव.

कागद-पेन्सिल घ्या. ३१ डिसेंबर २००८ हा १०५९३ वा दिवस. १९८० ते २००७ या २८ वर्षांचे दिवस १०२२७ (त्यांत सात लीप वर्षे). ते वजा जाऊन उरले ३६६, आणि वर्ष झाले २००८. आता ३६६ हे ३६५ पेक्षा जास्त आहेत, म्हणून फेरी पुन्हा सुरू. वर्ष लीप आहे, पण ३६६ हे ३६६ पेक्षा जास्त नाहीत, म्हणून वजाबाकी नाही. दुसरी ओळ लागूच नाही. पुन्हा फेरी. पुन्हा तेच. यंत्र जागच्या जागी गरगरत राहते! दुसऱ्या दिवशी उरतात ३६७. ते ३६६ पेक्षा जास्त असल्याने वजाबाकी होते आणि गाडी रुळावर येते. म्हणूनच कंपनीने ग्राहकांना सांगितले ते एवढेच : बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीला यंत्र पुन्हा सुरू करा.

यंत्र बाजारात आल्यापासून उजाडलेला हा पहिलाच ३६६ वा दिवस होता. नुसते यंत्र वापरून पाहणाऱ्याला तो आधी भेटणेच शक्य नव्हते. गंमत अशी की, हा तुकडा घड्याळापासून तसा सुटा होता. दिवसांची संख्या त्याला बाहेरून दिली जाई. म्हणजे ३६६ हा आकडा त्याच्या हाती २००६ मध्येही देता आला असता. दार उघडे असून भागत नाही. त्यातून नेमके कोणते पाहुणे आत पाठवायचे, हेही सुचावे लागते. आणि दार बंदच असेल, तर सुचूनही उपयोग नाही.

म्हणून पहिला उपाय : मागचे दार बुजवा आणि वस्तू कंसातून आत येऊ द्या. आज_रविवार_आहे_का( ) याऐवजी रविवार_आहे_का(तारीख) असे लिहा. एखाद्या फंक्शनला वेळ वारंवार विचारावी लागत असेल, तर तारखेऐवजी घड्याळच त्याच्या हाती द्या. रोजच्या कामात खरे घड्याळ, आणि चाचणीच्या वेळी लुटुपुटीचे : आपण सांगू ती वेळ सांगणारे! फंक्शनला त्यातला फरक कळत नाही. मायकेल फेदर्स यांनी २००४ सालच्या आपल्या पुस्तकात अशा जागेला ‘शिवण’ या अर्थाचा शब्द वापरला आहे. मला तो आवडतो. जेथे शिवण असते, तेथेच कपडा उसवून एक तुकडा काढून दुसरा बसवता येतो. फाशाचेही तसेच. संगणकाचा ‘यदृच्छ’ आकडा बहुधा एका आरंभीच्या संख्येपासून हिशेबाने काढलेला असतो. ती संख्या आपण दिली की दर वेळी तेच फासे त्याच क्रमाने पडतात.

खरे घड्याळ वाचणारी एक ओळ कोठेतरी राहणारच. ती राहू द्या. तिने फक्त वाचावे आणि पुढे द्यावे. हिशेब करू नये.

लुटुपुटीच्या घड्याळाला आज मोठे काम आहे. पुष्कळ यंत्रे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. ही मोजणी ऋण संख्याही मावणाऱ्या ३२ बिटांच्या जागेत ठेवली असेल, तर त्या जागेत २१४७४८३६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ही जागा भरेल. पुढच्या सेकंदाला ऋण संख्या आली, तर यंत्र १९०१ साल समजून चालू लागेल. ज्या आज्ञावलीला घड्याळ बाहेरून देता येते, तिला हा सेकंद आज दुपारीसुद्धा दाखवता येईल.

आता तुमच्यासाठी एक काम. वरच्या तुकड्यातील चूक दुरुस्त करण्यासाठी एकाने ‘३६६ पेक्षा जास्त’ याऐवजी ‘३६६ किंवा त्याहून जास्त’ असे लिहिले. यंत्र आता गोठणार नाही, हे खरे. मित्राला घड्याळ करा. त्याने चिठ्ठीवर ३६५, ३६६, ३६७, ७३१ आणि १०५९३ यांपैकी एकेक आकडा लिहून द्यावा आणि तुम्ही या नव्या आज्ञांप्रमाणे वर्ष व उरलेले दिवस काढावेत. पाचही उत्तरे खऱ्या दिनदर्शिकेशी ताडून पाहा. त्यांतल्या दोन उत्तरांत उरलेला दिवस कोणता येतो?