प्राध्यापकांचा फौजदार

इटलीच्या दक्षिणेस सिसिली नावाचे बेट आहे. तेथील पोर्तो एम्पेदोक्ले या बंदरात १९२५ साली आंद्रेआ कामिल्लेरी यांचा जन्म झाला. पुढे ते रोमच्या नाट्य-अकादमीत दिग्दर्शनाचे अध्यापन करू लागले. त्यांची पहिली कादंबरी प्रकाशकाअभावी दहा वर्षे पडून होती. ती १९७८ साली छापली गेली. परंतु त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. १९९४ साली, साठी उलटल्यावर, मोंतालबानो या चतुर फौजदाराची त्यांची पहिली रहस्यकादंबरी प्रसिद्ध झाली आणि हळूहळू हा फौजदार घरोघरी पोचला.

वार्धक्यात त्यांची दृष्टी गेली. तेव्हा ते तोंडाने सांगत व साहाय्यिका लिहून घेत असे. पात्रांना बोलते करण्याची कला त्यांनी जन्मभर शिकविली होती. डोळे मिटले तरी ती पात्रे त्यांच्या कानी बोलतच राहिली. २०१९ साली ९३व्या वर्षी ते निवर्तले.