पोरांचं वाचणं ऐक

अमळनेर, रविवार

चि. निलेश,

परवा सुमनच्या साखरपुड्यात तुझ्या शाळेच्या केंद्रातल्या एक बाई भेटल्या. म्हणाल्या, "तुमच्या भाच्याचं बरंय, पोरांच्या हातात टॅब दिले की वर्ग चिडीचूप, सर आपले माहिती भरत बसतात." माझा घास तोंडातच फिरत राहिला. चौथीच्या सगळ्या वह्यांत म्हणे 'माझा आवडता प्राणी' हा एकच निबंध, सुरुवात 'निसर्गाचे अनमोल वरदान' अशी. ज्याला अजून जोडाक्षर जमत नाही, त्याने हे शब्द आणले कुठून? कुणाच्या तरी ताईने चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं, पोरांनी उतरवलं आणि तू खाली लाल शाईने 'छान' लिहिलंस. खरं आहे का हे?

टॅबला माझा विरोध नाही. २०१९ साली 'बोलो' नावाने आलेलं आणि पुढे 'रीड अलाँग' झालेलं ॲप मी स्वतः पाहिलंय. त्यातली दिया नावाची मदतनीस पोराचं वाचन ऐकते, अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की म्हणून दाखवते, कधी चिडत नाही. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की रेंज नसली तरी चालतं. लाजरं पोर तिच्यापुढे मोकळं वाचतं. पण आपल्याकडचं अहिराणी बोलणारं पोर 'शाळा' वाचताना 'शाया' म्हणतं, 'डोळा'चा 'डोया' करतं. त्याचं वाचणं चुकलेलं नसतं. अक्षर नीट ओळखून ते घरच्या जिभेने बोललेलं असतं. हे दियाला कोण सांगणार? ते तुलाच कळायचं, तुझी आजी जन्मभर तशीच बोलली. म्हणून विचारते, रोज पोरांना जवळ बसवून त्यांचं वाचणं ऐकतोस का? सगळ्यांचं जमणार नाही, दोनच शिक्षक आहात. पाच जणांचं ऐक. पण ऐक.

माझ्या नोकरीच्या पहिल्या शाळेत खडू-फळा मोहिमेतून गोष्टींची पुस्तकं आली होती. १९८७ सालची ती योजना. फाटली तर हिशेब कोण देणार, म्हणून मुख्याध्यापकांनी ती कपाटात घालून कुलूप लावलं. मी नवखी, किल्ली मागायला जीभ उचलली नाही. एक मुलगी मधल्या सुट्टीत कपाटाच्या काचेवर बोट फिरवत पुस्तकांची नावं वाचायची. पुढे आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली ती परत शाळेत आलीच नाही. अजूनही स्टँडवर तिच्या वयाची बाई दिसली की मी निरखून बघते.

तुझ्याकडे कुलूप नाही, बाळा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून गोष्टी फुकट आहेत, मराठीतही, वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या. उतरवून छापायचीही मुभा आहे. निबंधाचंही सांगते. फोनच्या कीबोर्डात मराठी बोलून टाइप करायची सोय आहे. पोराला त्याच्या बकरीबद्दल बोलू दे. कुणाच्या कपाशीत शिरली, बाप काय म्हणाला, सगळं येऊ दे, अहिराणीत आलं तरी चालेल. फोन काहीतरी भलतंच उमटवेल, तेही चांगलंच. ते छापून त्याच्या हातात दे. त्याने वाचावं, 'मी असं नाही बोललो' म्हणून पेन्सिलीने खोडावं आणि मग स्वतःच्या वहीत लिहावं. साने गुरुजी आपल्याच गावच्या छात्रालयात मुलांसाठी रोज हाताने दैनिक लिहून काढत. तुझ्या वर्गाच्या भिंतीवर पोरांनी लिहिलेलं एक पान रोज लागलं, तरी मला पुष्कळ आहे. ते लावण्याआधी ज्याचं त्याच्याकडून मोठ्याने वाचून घे. ऐकल्याशिवाय लावू नकोस.

फार बोलले का रे? त्या बाईंनी अर्धंच सांगितलं असेल. वरून माहितीचा तगादा किती असतो ते मला ठाऊक आहे. दादा म्हणत होता, रात्री अकरापर्यंत लिंका भरत बसतोस आणि डबा तसाच राहतो. तू पहिलीत 'क्ष'ला अडखळायचास. माझ्या मांडीवर बसून वाचायचास आणि दर दोन ओळींनी मान वळवून, "आत्या, ऐकतेस ना?" म्हणून बघायचास. मी नुसतं "हं" म्हटलं की पुन्हा सुरू.

वहिनीजवळ प्रिंटरच्या शाईसाठी दोन हजार दिलेत, नको म्हणू नकोस. कळण्याचं पीठ आणि ठेचाही दिलाय. शाळा सुटली की आधी जेव, लिंका मग. पोळ्याला येशील तेव्हा पोरांच्या वह्या घेऊन ये, कच्च्यासुद्धा. मला वाचायच्यात.

तुझी,
आत्या