नैनीताल : प्रेक्षणीय स्थळे आणि त्यांखालची जमीन

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

हिमालयातील थंड हवेचे ठिकाण म्हटले की तलाव, होड्या आणि बर्फाची शिखरे एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. आपल्या भूगोल विभागाच्या अभ्याससहलीत नैनीताल पाहिल्यावर मात्र वाटले, की तेथील प्रत्येक स्थळ हा भूगोलाचा एकेक धडाच आहे. आमच्या घराण्यात नकाशा वाचायला शिकलेली मी पहिलीच. म्हणून त्यांतील काही धडे वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस करते.

उत्तराखंडातील कुमाऊँच्या डोंगरांत, सुमारे १९०० मीटर उंचीवर हा तलाव आहे. आकार काजूच्या बीसारखा, लांबी सुमारे १.४ किलोमीटर. वरच्या टोकास मल्लीताल, खालच्या टोकास तल्लीताल; दोहोंना जोडणारा रस्ता म्हणजे मॉल रोड. सतीचा डोळा येथे पडला अशी कथा असून काठावर नैनादेवीचे मंदिर आहे. १८४१ मध्ये बॅरन नावाचा इंग्रज साखर-व्यापारी येथे आला आणि पुढे गोऱ्यांची वसाहत वाढली. डोंगरातल्या लोकांना हे पवित्र सरोवर अर्थातच त्याआधीपासून ठाऊक होते.

मल्लीतालला 'फ्लॅट्स' नावाचे मोठे मैदान आहे. खेळ, मेळे, फेरीवाले सर्व तेथेच. चोहोबाजूंनी उभे डोंगर असताना एवढी सपाट जागा आली कोठून? याचे उत्तर मन सुन्न करणारे आहे. १८८० च्या सप्टेंबरात संततधार पाऊस झाला आणि १८ तारखेस शेर-का-डांडा डोंगराचा उतार कोसळला. १५१ माणसे दगावली. एक हॉटेल व जुने मंदिर गाडले गेले. त्या दरडीच्या मातीदगडांनीच हे मैदान विस्तारले. आजचे मंदिर त्यानंतर बांधलेले आहे.

दरड का कोसळते? येथे पाटीच्या दगडाचे व चुनखडीच्या जातीचे भेगाळ खडक आहेत आणि तलावाच्या खोऱ्यातून भ्रंशरेषा जाते. भेगांत पाणी मुरले की उताराचे वजन वाढते, थरांची एकमेकांवरील पकड सुटते. म्हणून १८८० नंतर डोंगरउतारांवर दगडी नाल्यांचे जाळे बांधण्यात आले. पर्यटक ज्या नाल्यांकडे ढुंकूनही पाहत नाहीत, त्यांच्या भरवशावर हे गाव उभे आहे!

टिफिन टॉपचा धडा तर अगदी ताजा. तेथील 'डोरोथी सीट' हे दगडी बैठकस्थान एका लष्करी अधिकाऱ्याने चित्रकार पत्नीच्या स्मरणार्थ बांधले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये ते दरडीबरोबर कोसळले. जुन्या माहितीपुस्तकांत मात्र ते अजून उभेच आहे.

स्नो व्ह्यूवर रोपवेने जाता येते. आकाश निरभ्र असेल तर तेथून ७८१६ मीटर उंचीचे नंदादेवी शिखर दिसते. मनोरा शिखरावर वेधशाळा आहे. भीमताल, सातताल, नौकुचियाताल हे शेजारचे तलावही पाहण्याजोगे. भीमतालात मधोमध बेट आहे.

परंतु मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते तलावाचे पाणी. मी माण तालुक्यातली. टँकरपुढे हंड्यांची रांग पाहतच मोठी झाले. नैनीतालमध्ये ज्या पाण्यात होड्या चालतात, तेच गावाच्या पिण्याचे पाणी आहे. शेजारचे सुखाताल उन्हाळ्यात कोरडे दिसते, पण पावसाळ्यात त्यात साठलेले पाणी जमिनीखालून मुरत या तलावात येते. म्हणजे जे कोरडे म्हणून दुर्लक्षिले जाते, तेच भरलेल्याला जगवते. तेथे भराव टाकला, बांधकामे केली, तर झळ तलावालाच बसणार. २०१७ च्या उन्हाळ्यात तलाव इतका आटला होता, की काठचा गाळ उघडा पडला.

मित्रमैत्रिणींनो, सहलीला जरूर जा, छायाचित्रेही काढा. मात्र उतारावर नवी इमारत दिसली, की तिच्या पावसाचे पाणी कोणत्या नाल्याने जाते, एवढे तरी विचारा. ज्याला हा प्रश्न पडला, त्याने नैनीताल पाहिले असे मी म्हणेन.