किर्दीतील चूक आणि पैठणचा नकाशा

किर्दीत रक्कमच चुकीची लिहिली तर ती खतावणीतही तशीच उतरते, आणि दोन्ही बाजू जुळत असल्यामुळे तेरीजपत्रक ती चूक दाखवीत नाही, हे वाणिज्य शाखेचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. युरोपातील पहिल्या छापील नकाशांविषयी वाचताना मला हाच धडा आठवला.

इ. स. १४७७ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे टॉलेमीच्या 'भूगोल' ग्रंथाची नकाशांसह पहिली छापील आवृत्ती निघाली. नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले होते. गंमत म्हणजे ग्रंथाच्या अखेरीस वर्ष मात्र चुकून १४६२ असे छापले गेले! पुढे १४८२ मध्ये जर्मनीतील उल्म येथे लाकडी ठशांची आवृत्ती निघाली.

टॉलेमी हा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाचा विद्वान. व्यापारी व खलाशी यांनी सांगितलेल्या माहितीवरून त्याने हजारो स्थळांचे अक्षांश-रेखांश मांडले. त्यांत 'बैथाना' ही राजधानी आहे. ती म्हणजे आपले गोदाकाठचे पैठण. 'तगर' म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. परभाषेत नावे अशी बदलतातच. आमच्या गुडीहत्नूरचे स्पेलिंगसुद्धा इंग्रजीत एकसारखे आढळत नाही.

नावे पोहोचली, पण भूमीचा आकार चुकला. या नकाशांत भारत दक्षिणेकडे निमुळता होतच नाही. पश्चिम किनारा जवळजवळ पूर्व-पश्चिम पसरलेला दिसतो आणि सिंहलद्वीप अवाढव्य दिसते. तेराशे वर्षांपूर्वीची ही चूक छापखान्याने शेकडो प्रतींत उतरवली. किर्दीतील चूक खतावणीत गेली ती अशी!

ती उघडकीस आली प्रत्यक्ष प्रवासाने. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला. त्यानंतर पोर्तुगीज खलाशांनी किनाऱ्याची माहिती गोळा केली. १५१३ साली स्ट्रासबुर्ग येथे टॉलेमीची जी आवृत्ती छापली गेली, तिच्यात जुने २७ नकाशे तसेच ठेवून २० नवे नकाशे जोडले होते. त्यांतील भारत दक्षिणेकडे निमुळता होत गेलेला आहे.

चांगला हिशेबनीस जुनी नोंद खरवडून काढीत नाही. दुरुस्तीची नोंद करतो. त्या छापखानेवाल्यांनी नेमके हेच केले. छापलेले आहे म्हणून ते खरे, असे मानण्याची सवय आपणा विद्यार्थ्यांना फार आहे. पुस्तकातील आकडा असो की नकाशातील रेषा, मूळ पावतीशी ताडून पाहिल्यावाचून ती खरी मानू नये, एवढे तरी या नकाशांपासून आपण शिकावे.