अकोटहून चिखलदरा : तळ्याकाठच्या मुक्कामाला किती पैसे लागतात?

अकोटकराला समुद्र लांब पडतो. पाण्याकाठचं, जंगलानं वेढलेलं गाव पाहायचं तर आपल्यासाठी जवळचं ठिकाण एकच, चिखलदरा. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास उंची, खाली मेळघाटचं जंगल आणि गावातच शक्कर तलाव, बीर तलाव, काळापाणी अशी तळी.

हिशेबासाठी एक घर धरू : नवरा-बायको, अडुसष्ट वर्षांची आजी आणि दहा वर्षांचा मुलगा. एक रात्र मुक्काम. खाली जिथे ‘धरा’ म्हटलं आहे तिथे तो अंदाज समजा, छापील दर नव्हे.

आधी रस्ता. अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा आणि मग घाट, असं एका बाजूचं अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास. जाणं-येणं आणि वरचं फिरणं मिळून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर होतात. घाट धरून लिटरला पंधराचा अ‍ॅव्हरेज मिळाला तर चौदा-पंधरा लिटर पेट्रोल लागेल. लिटरला 105 रुपये धरले तर घरच्या गाडीचा खर्च दीड हजार. टाकी परतवाड्यालाच भरून घ्या. रोख पैसेही तिथेच काढा, कारण वर मोबाइलची रेंज गेली की यूपीआयही गेलं.

आता एसटी. जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला सहा किलोमीटरच्या टप्प्याला साधारण दहा रुपये पडतात. म्हणजे पूर्ण तिकीट दीडशेच्या घरात. पण पूर्ण तिकीट आपल्या घरात एकट्या नवऱ्यालाच आहे. महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट, पासष्ट ते पंचाहत्तर वयाला अर्धं, पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं. आजी पंचाहत्तर ओलांडलेली असती तर तिचा प्रवास फुकट झाला असता. चौघांचे जाण्याचे पावणेचारशे, जाऊन-येऊन साडेसातशे. वयाच्या सवलतीसाठी आजीचं आधार कार्ड पिशवीत ठेवा. वाहकाशी हुज्जत घालण्यापेक्षा ते सोपं.

इथवर एसटी निम्म्या पैशांत झाली. पण चिखलदऱ्याचे पॉइंट एका जागी नाहीत. देवी पॉइंट, पंचबोल, भीमकुंड, मोझरी, गाविलगड हे सगळं विखुरलेलं आहे, आणि आजीला घेऊन ते पायी होत नाही. तिथली जीप करावी लागते. तिचे हजार-बाराशे धरले की एसटीचा एकूण आकडा घरच्या गाडीच्या पुढे जातो. म्हणून माझं मत असं : दारात गाडी असेल आणि चौघं असाल तर गाडीच काढा. दोघी-तिघी मैत्रिणी किंवा नणंद-भावजय निघाल्या असतील तर एसटीसारखं स्वस्त दुसरं काही नाही. परतवाड्याला गाडी बदलावी लागली तर तिथेच परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते विचारून ठेवा. जीप ठरवताना कोणते पॉइंट, प्रत्येक ठिकाणी किती वेळ आणि शेवटी कुठे सोडणार हे आधी बोलून घ्या. ‘सगळं दाखवतो’ याला काही अर्थ नसतो.

सगळ्यात महाग पडते ती भाड्याची गाडी, आणि ती महाग पडते ‘किमान किलोमीटर’मुळे. समजा किलोमीटरला 14 रुपये ठरले आणि दिवसाला किमान 300 किलोमीटरची अट आहे. तुमची गाडी पळणार सव्वादोनशे, पैसे मात्र तीनशेचे, 4,200. वर चालकाचा भत्ता. मुक्काम केला तर दुसऱ्या दिवसाचं किमान भाडं पुन्हा लागतं. त्यामुळे भाड्याच्या गाडीनं जायचं असेल तर पहाटे निघून रात्री घरी या, किंवा ‘सोडून या, उद्या घ्यायला या’ असा वेगळा भाव काढा. आणि पाटी बघा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पाचशे रुपये कमी सांगते, पण ती भाड्यानं चालवणं बेकायदा आहे आणि अपघात झाल्यास विमा कंपनी त्याच मुद्द्यावर हात वर करू शकते. गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या.

खोलीचा भाव मात्र तुम्ही कोणत्या वारी जाता यावर ठरतो. पावसाळ्यातला शनिवार-रविवार म्हणजे घाटात गाड्यांची रांग आणि काउंटरवर सांगतील तो भाव. तीच खोली मंगळवारी, बुधवारी बरीच खाली येते. पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, खासगी हॉटेलंही आहेत. मधल्या वारी साध्या स्वच्छ खोलीचे दोन हजार आणि जादा गादीचे पाचशे धरा. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी पाच टक्के आहे, आधी तो बारा होता. म्हणजे अडीच हजारांवर सव्वाशे. बिलावर अजून बारा टक्के दिसले तर बोट ठेवून विचारा. ‘बिल नको असेल तर कर सोडतो’ असं कोणी म्हटलं तर तो सव्वाशे वाचवायच्या फंदात पडू नका, कारण गरम पाणी आलं नाही तर तक्रार करायला हातात कागद राहत नाही. मोबाइलवर सापडलेल्या नंबरावर आगाऊ पैसे पाठवण्याआधी हॉटेलशी बोलून खात्री करा. फसलात तर लगेच 1930 हा सायबर मदतक्रमांक लावा.

जेवणाचं सोपं आहे. पहिल्या दुपारची शिदोरी घरून न्या. दशम्या, ठेचा आणि तिळाची चटणी घाटाच्या हवेत अधिक चवीनं खाल्ली जाते. रात्रीचं आणि दुसऱ्या दुपारचं जेवण, नाश्ता, चहा मिळून चौघांचे बावीसशे धरा. वाटेत मोथ्याला गवळ्यांचा खवा मिळतो, हिवाळ्यात स्ट्रॉबेरी. भाव विचारून, तोलून घ्या. पाण्याच्या बाटलीवर दुकानदारानं ‘थंड करण्याचे’ म्हणून छापील किमतीवर पैसे मागितले तर देऊ नका. टेबलावर बसवून वाढणाऱ्या हॉटेलची गोष्ट निराळी : तिथे छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा निकाल आहे. सेवाशुल्क मात्र हॉटेलला बिलात परस्पर लावता येत नाही.

शक्कर तलावावरची नौका, गाविलगडाचं प्रवेशशुल्क आणि पार्किंग मिळून सहाशे बाजूला काढा. नौकेत बसताना जॅकेट मागा आणि ते अंगात बांधा. नुसतं मांडीवर ठेवून उपयोग नाही. वनखात्याच्या फाटकावर दरफलक वाचा, पैसे दिल्यावर पावती घ्या. काचेच्या स्कायवॉकसाठी म्हणून जाणार असाल तर तो सुरू आहे का हे निघण्याआधी विचारा. पावसाळ्यात सफारीचे रस्ते बंद असू शकतात. आणि भर श्रावणात धुकं असं उतरतं की पॉइंटवर उभं राहून समोर नुसता पांढरा पडदा दिसतो, दरी नाही. तळी भरलेली आणि दरीही दिसणारी हवी असेल तर पाऊस सरल्यानंतरचे, दिवाळीच्या आगेमागेचे दिवस निवडा. फक्त दिवाळीच्या सुट्टीतली गर्दी टाळा.

बेरीज अशी : पेट्रोल 1,500, खोली 2,625, जेवण 2,200, किरकोळ 600. झाले 6,925. साडेसात हजार खिशात असले की चौघांचा मुक्काम नीट होतो. मुक्काम न करता त्याच दिवशी परतलात तर तीन-साडेतीन हजार पुरतात.

तेवढेही काढायचे नसतील तर आपला नरनाळा किल्ला आहेच. शहानूरच्या फाटकातून वर जा. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर, पेट्रोल साडेतीनशेच्या आसपासचं, वर वनखात्याचं शुल्क. गडावरही एक शक्कर तलाव आहे. त्याच्या तळाशी परीस आहे अशी जुनी कथा. दुष्काळात तळं आटलं तेव्हा लोकांनी शोधला, सापडला नाही म्हणतात. स्वतःची गाडी वर सोडतात की तिथलं वाहन घ्यावं लागतं, हे फाटकावर आधी विचारा. पाणी घरून स्टीलच्या बाटलीत न्या.

प्रवासात कुठेही जादा पैसे घेतले तर बिल, पावती किंवा बाटलीचा फोटो जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक लावा. तक्रार मराठीतही नोंदवता येते.