रंधायंत्राची निवड : भूमितीचे एक प्रमेय कसे उपयोगी पडले

रोह्याला कुंडलिकेच्या काठी पावसाळ्यात राहणाऱ्यांना एक अनुभव दरवर्षी येतो. जून उजाडला की घराचे दार चौकटीत घट्ट बसते आणि खांद्याने रेटल्याशिवाय उघडत नाही. दिवाळीनंतर तेच दार सैल होऊन वाऱ्याने खडखडू लागते. लाकूड तोडून, कापून, रंगवून झाले तरी हवेतील ओलाव्याशी त्याचे नाते संपत नाही. सुताराला हे पक्के ठाऊक असते. म्हणूनच दोन फळ्या जोडून पाट किंवा चौरंग करताना तो सांध्याची इतकी काळजी घेतो.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरी वडिलोपार्जित सुतारकाम चालते. पाट, चौरंग, देव्हारे, खिडक्यांच्या चौकटी अशी कामे घराच्या पडवीतच होतात. आजवर फळीची कड सरळ करण्याचे काम हातरंध्याने होत असे. आता वडिलांचा खांदा दुखू लागला, म्हणून रंध्याचे यंत्र घ्यायचे ठरले. साठवलेल्या पैशातून एकदाच घ्यायचे, म्हणजे निवड चुकून चालणार नव्हती. दुकानात सारख्याच किमतीची दोन यंत्रे होती. त्यांची माहिती वहीत उतरवून हा विद्यार्थी माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, वडिलांना पहिले आवडले आहे. तुम्ही एकदा गणित करून पाहाल का?”

आपणही ते गणित करून पाहू.

दोन यंत्रे

दोन्ही यंत्रांत दीडशे मि.मी. रुंदीपर्यंतची फळी रंधता येते. दोन्हींतील पात्यांच्या रुळाचा व्यास, पात्यांच्या धारेपर्यंत मोजला तर, ६० मि.मी. आहे आणि दोन्ही रूळ मिनिटाला ४५०० फेरे घेतात. फरक एवढाच :

यंत्र ‘अ’ : पाती ३, दोन्ही टेबलांची मिळून लांबी ९०० मि.मी.; जाहिरातीत शक्ती २ अश्वशक्ती.

यंत्र ‘आ’ : पाती २, दोन्ही टेबलांची मिळून लांबी १२०० मि.मी.; शक्ती १ अश्वशक्ती.

वरवर पाहता ‘अ’ उजवे वाटते. पाती जास्त, शक्ती दुप्पट! परंतु निवड करण्यापूर्वी यंत्र काम कसे करते हे समजून घ्यायला हवे.

यंत्राचे कार्य

या यंत्राला दोन टेबले असतात आणि त्यांच्यामध्ये पात्यांचा रूळ फिरतो. फळी अलीकडच्या टेबलावर ठेवून पलीकडे ढकलायची असते. अलीकडचे टेबल किंचित खाली असते. जेवढे खाली, तेवढ्या जाडीचा थर पाती काढून टाकतात. समजा १ मि.मी. पलीकडचे टेबल मात्र पात्यांच्या सर्वांत उंच बिंदूच्या बरोबर पातळीत असावे लागते. ते त्याहून खाली असेल, तर फळीचे शेपूट अलीकडचे टेबल सोडताना खाली झुकते आणि शेवटी खाच पडते. वर असेल, तर फळीचे तोंड त्याच्या कडेला अडते.

हातरंध्याचेही तत्त्व हेच आहे. तेथे रंधा फळीवर चालतो, येथे फळी रंध्यावर चालते.

एक प्रमेय

आता भूमितीकडे वळू. दहावीत आपण जीवांच्या अंतर्छेदनाचे प्रमेय शिकतो. वर्तुळाच्या दोन जीवा एकमेकींना छेदत असतील, तर एकीच्या दोन भागांचा गुणाकार दुसरीच्या दोन भागांच्या गुणाकाराइतका असतो.

एक जीवा ‘ल’ लांबीची घ्या. तिला मध्यावर लंब असलेला व्यास काढा. जीवेपासून कंसापर्यंतचे मधले अंतर ‘ख’ आणि त्रिज्या ‘त्र’ असू द्या. मग

(ल ÷ २) × (ल ÷ २) = ख × (२त्र − ख)

‘ख’ हे त्रिज्येच्या मानाने फारच लहान असेल, तर कंसातील ‘ख’ सोडून देता येतो. उरते ते असे :

ख = ल² ÷ ८त्र

हे सूत्र लक्षात ठेवा. याच एका सूत्राने आपल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळणार आहेत.

प्रश्न पहिला : पाती दोन की तीन?

फिरणारे पाते लाकडात कंसाकृती खाच पाडते. फळी पुढे सरकते, दुसरे पाते येते, शेजारी दुसरी खाच पडते. म्हणजे रंधलेला पृष्ठभाग खरे पाहता सपाट नसून त्यावर बारीक लाटा असतात. दोन खाचांमधील अंतर ही जीवा ‘ल’, रुळाची त्रिज्या ३० मि.मी. ही ‘त्र’ आणि लाटेची खोली ‘ख’.

समजा फळी मिनिटाला ६ मीटर, म्हणजे ६००० मि.मी. वेगाने ढकलली.

‘अ’ यंत्रात मिनिटाला ४५०० × ३ = १३,५०० खाचा पडतात. दोन खाचांतील अंतर ६००० ÷ १३,५०० = ०.४४ मि.मी. म्हणून ख = (०.४४)² ÷ २४० = सुमारे ०.०००८ मि.मी.

‘आ’ यंत्रात ९००० खाचा पडतात. अंतर ०.६७ मि.मी. आणि ख = सुमारे ०.००१९ मि.मी.

फरक आहे, पण केवढा? सुमारे एक सहस्रांश मिलिमीटर! आपल्या डोक्याचा केस ढोबळमानाने ०.०७ मि.मी. जाड असतो. त्यापुढे हा फरक काहीच नाही. शिवाय ‘आ’ यंत्रावर फळी थोडी सावकाश, मिनिटाला ४ मीटर वेगाने ढकलली तर दोन खाचांतील अंतर ४००० ÷ ९००० = ०.४४ मि.मी. होते. म्हणजे तिसऱ्या पात्याचा फायदा केवळ हात सावकाश चालवून मिळतो.

आणखी एक गोष्ट पाहा. तीन पात्यांपैकी एक जरा वर बसले असेल, तर शेवटचा ठसा त्या एकट्याचाच उमटतो. मग ‘अ’ यंत्रातही अंतर ६००० ÷ ४५०० = १.३३ मि.मी. होते आणि लाटेची खोली ०.००७४ मि.मी. भरते. नीट बसवलेल्या दोन पात्यांच्या जवळजवळ चौपट! तेव्हा पाती किती आहेत यापेक्षा ती एका पातळीत बसवली आहेत की नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

प्रश्न दुसरा : टेबलाची लांबी किती?

आता तेच सूत्र मोठ्या कंसाला लावू. समजा १२०० मि.मी. लांबीच्या चौकटीच्या पट्टीला बाक आला आहे आणि मध्यभागी ती ३ मि.मी. उचललेली आहे. तिची पोकळ बाजू खाली करून अलीकडच्या टेबलावर ठेवली. ‘अ’चे अलीकडचे टेबल ४५० मि.मी., ‘आ’चे ६०० मि.मी. धरू. टेबलावर पट्टीचा जेवढा भाग टेकतो, त्याच्याखाली किती पोकळी दिसेल?

‘ख’ हे लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून

‘अ’वर : ३ × (४५० ÷ १२००)² = ०.४२ मि.मी.

‘आ’वर : ३ × (६०० ÷ १२००)² = ०.७५ मि.मी.

टेबलाची लांबी तिसऱ्या हिश्श्याने वाढली, पण बाक ‘ओळखण्याची’ शक्ती १६ ÷ ९, म्हणजे पावणेदोन पटींहून अधिक वाढली. आखूड टेबलाला वाकडी पट्टी जवळजवळ सरळच वाटते. ती बाकाच्या मागोमाग जाते आणि वाकडी पट्टी गुळगुळीत होऊन बाहेर पडते, पण वाकडीच राहते. लांब टेबल मात्र पट्टीला उंचवट्यांवर टेकवून पुढे नेते आणि आधी उंचवटेच कापते. सुताराच्या पेटीत गुळगुळीत करण्याचा रंधा आखूड आणि कड सरळ करण्याचा रंधा लांब का असतो, याचेही कारण हेच.

येथे फरक सहस्रांश मिलिमीटरचा नसून जवळजवळ तृतीयांश मिलिमीटरचा आहे. सांध्यात तो डोळ्यांना दिसतो.

प्रश्न तिसरा : दोन अश्वशक्ती खरोखर आहेत का?

‘अ’ यंत्राच्या मोटरवरील पट्टीवर २३० व्होल्ट, ५ अँपिअर असे लिहिले होते. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तेव्हा २ अश्वशक्ती म्हणजे १४९२ वॅट. आता २३० × ५ = ११५०. मोटर सतत चालताना तारेतून येणारी शक्ती यापेक्षा जास्त असूच शकत नाही. उलट उष्णतेत व घर्षणात काही वाया जाते. ११५० वॅट घेणारी मोटर १४९२ वॅटचे काम कसे करील? ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम जाहिरातीपुढे वाकत नाही. प्रत्यक्षात दोन्ही मोटरी सारख्याच ताकदीच्या निघाल्या.

विकत घेण्यापूर्वीची परीक्षा

कागदावर ‘आ’ यंत्र उजवे ठरले. परंतु टेबल लांब असून उपयोग नाही, ते सरळही हवे. हे तपासायला महागडे उपकरण लागत नाही.

सर जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४० साली ग्लासगो येथे खऱ्या सपाट पृष्ठभागांसंबंधी एक निबंध वाचला. दोनच पृष्ठभाग एकमेकांवर घासून जुळवले तर एक फुगीर व दुसरा खोलगट असूनही ते नेमके जुळू शकतात. परंतु तीन पृष्ठभाग घेतले आणि कोणतेही दोन एकमेकांशी तंतोतंत जुळू लागले, तर तिन्ही सपाटच असले पाहिजेत. ही त्या पद्धतीमागील युक्ती.

आपल्या परीक्षेत दोनच फळ्या पुरतात, कारण दोन्हींच्या कडा एकाच यंत्राने रंधलेल्या असतात. यंत्रात दोष असेल तर तो दोन्हींत सारखाच उतरतो. एक फुगीर आणि एक पोकळ असे होत नाही. मीटरभर लांबीच्या दोन फळ्यांच्या कडा यंत्रावर रंधून घ्याव्यात आणि कडेवर कड ठेवून उजेडाकडे धरावे. मध्ये फट दिसली तर दोन्ही कडा पोकळ आहेत. टोकांना फट दिसली तर दोन्ही फुगीर आहेत. दिसणारी फट ही एका फळीच्या दोषाच्या दुप्पट असते, म्हणून बारीकसा दोषही पकडता येतो.

काटकोनाची परीक्षाही अशीच. यंत्राची उभी आधारपट्टी पाव अंशाने कललेली असेल, तर २५ मि.मी. जाडीच्या दोन फळ्या जोडताना ०.२२ मि.मी. फट पडते. पण एक फळी खुणेची बाजू पट्टीकडे ठेवून आणि दुसरी खुणेची बाजू बाहेर ठेवून रंधली, तर एक कोन पाव अंशाने जास्त व दुसरा पाव अंशाने कमी होतो. बेरीज १८० अंशच भरते आणि सांधा मिटतो.

विद्यार्थी आणि त्याचे वडील दोन फळ्या घेऊन दुकानात गेले. पहिल्या खेपेस ‘आ’ यंत्राच्या फळ्यांमध्ये वहीचा कागद सहज सरकला. दुकानातील कारागिराने टेबल नीट जुळवून दिले. दुसऱ्या खेपेस कागद कोठेच शिरेना. यंत्र तेव्हाच घरी आले.

हे विसरू नका

पहिली गोष्ट ओलाव्याची. सागाची २०० मि.मी. रुंदीची फळी, तिच्यातील ओलावा चार टक्क्यांनी बदलला, तर रुंदीत सुमारे दीड मि.मी.पर्यंत कमीजास्त होऊ शकते. पात्यांच्या लाटेपुढे हा आकडा किती मोठा आहे पाहा! ओल्या लाकडावर उत्तम यंत्र चालवून काही साधत नाही. लाकूड आधी वाळवावे, मग रंधावे.

दुसरी गोष्ट जिवाची. पात्याच्या धारेचा वेग ३.१४ × ६० × ७५ = सेकंदाला सुमारे १४,१०० मि.मी., म्हणजे ताशी सुमारे ५१ किलोमीटर होतो. बोटाला काही लागल्याचे कळून हात मागे घ्यायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात दोन पात्यांच्या रुळावरून ३० आणि तीन पात्यांच्या रुळावरून ४५ घाव बसलेले असतात. येथे चपळाई उपयोगी पडत नाही. पात्यांवरचे झाकण कधीही काढू नये. फळी ठोकळ्याने ढकलावी, हात पात्यांवरून नेऊ नये. वीतभर लांबीचे तुकडे यंत्रावर घेऊ नयेत. बटण बंद केल्यावरही रूळ जडत्वामुळे काही वेळ फिरत राहतो, हे ध्यानात ठेवावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, हे यंत्र तुम्ही चालवायचे नाही; तुम्ही गणित करायचे आणि कडा तपासायच्या. तेही काम लहान नाही. त्या घरी शेवटचा निर्णय एका वहीच्या पानावरच झाला.

करून पाहा

१. पाचशे कागदांच्या रिमाची जाडी पट्टीने मोजा आणि एका कागदाची जाडी काढा. मग दोन पट्ट्यांच्या कडा जुळवून त्यांतील फट किती कागदांची आहे ते पाहा.

२. शाळेतील लाकडी पट्टीने वहीवर रेघ ओढा. पट्टी उलटी करून त्याच दोन बिंदूंमधून पुन्हा ओढा. रेघा जुळल्या नाहीत, तर पट्टीचा दोष किती?

३. एका परदेशी यंत्रावर ६० हर्ट्झच्या विजेवर ४५०० फेरे असे लिहिले आहे. त्याची मोटर विजेच्या वारंवारतेच्या प्रमाणात फिरणारी, प्रवर्तन प्रकारची आहे. आपल्याकडील ५० हर्ट्झवर रूळ मिनिटाला किती फेरे घेईल? पाती दोन आणि फळीचा वेग मिनिटाला ६ मीटर असेल, तर दोन खाचांतील अंतर किती पडेल?

(उत्तरे : २. दोन रेघांमधील अंतराच्या निम्मा. ३. ३७५० फेरे, ०.८ मि.मी.)